घरातलं दुसरं कुलूप

आमच्या घरात सुट्टी म्हणजे नागपूर. लग्नाला नागपूर, बारशाला नागपूर, कोणी दवाखान्यात पडलं तरी नागपूर. या वर्षी माझ्या लेकीने, रेवाने, जेवता जेवता ताट पुढे सरकवलं आणि जाहीर केलं, "इस बार मैं किसी की शादी में नहीं जाऊँगी. हम लोग घूमने जाएँगे. असली वाला घूमना. होटल में रहेंगे." सोळा वर्षांची पोर आणि जन्मात हॉटेलात राहिलेली नाही, याची मलाच लाज वाटली. खरं तर मीही राहिले नव्हते.

मग शहर ठरवायला बसलो. कलकत्त्याचं नाव माझ्या नवऱ्याने काढलं. श्रीकांतला जुन्या इमारती आणि संग्रहालयं दिसली की तहानभूक राहत नाही, आणि जबलपुराहून हावड्याची गाडी सरळ जाते. त्याने भल्या पहाटे उठण्यापासूनचा सगळा कार्यक्रम तोंडपाठ म्हणून दाखवला. रेवा म्हणाली, "पापा, ये छुट्टी है कि एनसीसी का कैंप?" तिला दहापर्यंत झोपायचं होतं, कॅफेत बसायचं होतं आणि आमच्या फोटोत यायचं नव्हतं. तिच्याहून दोन वर्षांनी धाकट्या ओजसला नदीखालून जाणारी मेट्रो हवी होती आणि फुटबॉलचं मैदान. मला काय पाहिजे ते कोणी विचारलंच नाही, म्हणून मीच सांगून टाकलं की मला स्वयंपाकघर डोळ्यांसमोर नको आणि एक साडी पाहिजे.

आठवडाभर घरात नुसती कचकच. शेवटी शाळेत शिकवताना पोरांची भांडणं सोडवायची जी सवय आहे ती मी घरात वापरली. सकाळ आईबापांची, संध्याकाळ मुलांची. दुपारी ज्याने त्याने आपली वाट धरायची, श्रीकांतने संग्रहालय आणि मी रेवाला घेऊन साड्यांचा बाजार. ओजस जिकडे खायला चांगलं तिकडे. रात्रीचं जेवण मात्र एकत्र, आणि तेव्हा फोन बंद. एक अख्खा दिवस कोणताच बेत नाही, उठेल तो उठेल. सगळे इतक्या पटकन कबूल झाले की मला संशयच आला. पण मी खूश होते. पुढच्या वर्षी रेवाची बारावी, मग ती कुठे आणि आम्ही कुठे. आयुष्यात मी फारसे हट्ट केले नाहीत, हा एक केला. ही सहल मला पाहिजेच होती.

अडलं भय्यासाहेबांपाशी. भय्यासाहेब म्हणजे माझे सासरे. ऐंशी उलटलेले, दम्याचे आणि त्यात डिसेंबरची थंडी. त्यांना गाडीत घालून नेणं शक्य नव्हतं, एकटं ठेवणं तर त्याहून नाही. ते आपले खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणायचे, "जा रे बाबांनो, मी काय पळून जाऊन राहिलो का?" शेजारच्या नंदावहिनींनी एरवी लक्ष ठेवलं असतं, पण त्या नेमक्या त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नाला निघाल्या होत्या. कुठे, ते सांगायला नको. तेव्हा श्रीकांतने शहरातल्या अधारताल भागातल्या एका एजन्सीला फोन करून म्हाताऱ्या माणसांजवळ दिवसरात्र राहणारा माणूस बोलावला.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला पाहिजे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जबलपूरचे. दाराबाहेर हिंदी, दाराआत मराठी. पोरं सगळं समजतात, पण उत्तर हिंदीत देतात, हे आमचं कायमचं दुखणं. मात्र परका माणूस समोर असला की आम्हांला मराठीचं फार प्रेम येतं. सदर बाजारातल्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून दुकानदाराच्या तोंडावर मी सासूबाईंना म्हणायची, "लुटून राहिला हा, उठा, म्हणजे भाव उतरवेल." तो बिचारा हसत हसत आणखी एक थान उलगडायचा. भय्यासाहेब म्हणायचे, मराठी म्हणजे आपल्या घराचं दुसरं कुलूप. पहिलं दाराला होतं आणि तेही काही फार धड नव्हतं.

एजन्सीचा माणूस रविवारी सकाळी आला. विष्णू नाव. चाळिशीतला, सडपातळ, केस पाण्याने चापूनचोपून बसवलेले. आमची वस्ती शहराबाहेर, महाराजपूरच्या टोकाला, रस्ता कच्चा, तरी त्याच्या पायांना धूळ नव्हती. चपला त्याने पायरीवर काढल्या आणि वाकून नीट फिरवून ठेवल्या, टाचा घराकडे आणि पुढची बाजू रस्त्याकडे. मला ते उगीचच लक्षात राहिलं.

"कहाँ के हो?" श्रीकांतने विचारलं.

"छिंदवाड़े से आगे के हैं, साहब."

"अच्छा," श्रीकांत म्हणाला, आणि विषय तिथेच संपला. आम्ही लोक कामाच्या माणसाला गाव विचारतो ते ऐकण्यासाठी थोडंच विचारतो.

तो स्टुलावर बसला, हात मांडीवर. श्रीकांतने माझ्याकडे वळून मराठी सुरू केली. "कसा वाटून राहिला?"

"चेहऱ्यावरून चोरच वाटतो," मी म्हटलं. "पण सगळेच वाटतात."

रेवा फिस्सकन हसली. तिचं हसू पाहून मला आणखी चेव आला. तिच्या वयाच्या मुली आईच्या विनोदाला सहसा हसत नाहीत.

"रात्री बाबांचं कसं?" श्रीकांतने विचारलं.

"त्यांचं काय कसं? गोळी घेतली की ढोल वाजवले तरी उठत नाहीत."

"अन् आईच्या पाटल्या? बँकेत ठेवायच्या राहिल्या."

"तांदळाच्या डब्यात तळाशी आहेत, तिथं कोण पाहतं? तुमचा तो दारावरचा कॅमेरा दुरुस्त झाला का?"

"नाही. पण लटकून तर आहे. भीती वाटायला तेवढा पुरे. बाजूला नंदावहिनीही नाहीत म्हणा, पण काय होते."

हे सगळं त्याच्या पुढ्यात. दोन हातांवर तो बसलेला आणि आम्ही घराचा एकेक खण उघडून दाखवत होतो. भय्यासाहेब खुर्चीत पेंगत होते. विष्णू भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

मी रेवाला म्हटलं, "चहा आण. त्याला तो किनार फुटलेला कप दे, चांगल्यातला नको काढू."

रेवाने ट्रे आणला. फुटका कप तिने स्वतःच्या बाजूला, फुटकी किनार आत वळवून ठेवला होता. पोरीला माझ्यापेक्षा जास्त संकोच. पाहुणा म्हणून ट्रे तिने आधी विष्णूपुढे धरला. त्याच्या हाताशी तीन चांगले कप होते. त्याने ते सोडले, हात लांब केला आणि पलीकडचा फुटका कप उचलला. किनार बाहेरच्या बाजूला वळवून शांतपणे चहा प्यायला लागला. मग मी स्वतःलाच म्हटलं, गरीब माणूस, सवयीने कोपऱ्यातलं उचलतो.

जाताना त्याने एकच प्रश्न विचारला. "बाबूजी को रात वाली गोली कौन देता है?"

तो गेल्यावर मी श्रीकांतला म्हटलं, "गोळीचं आपण त्याला हिंदीत कुठं सांगितलं?"

"या वयात गोळी कोणाला नसते? तू नको तिथं डोकं लावून राहिली. एजन्सीवाला म्हणाला ना, पोलिसांकडून कागद झाले आहेत म्हणून."

निघण्याच्या आधी दोन दिवस विष्णू घर समजून घ्यायला राहायला आला. कामाला वाघ होता. भय्यासाहेबांचे पाय तेलाने चोळून द्यायचा, वाफ द्यायचा, स्वेटरची बटणं लावून द्यायचा. बोलायचा मात्र नाही. भय्यासाहेब त्याला भोसल्यांच्या काळात आमचे पूर्वज नर्मदा ओलांडून कसे आले ते हिंदीत सांगायचे, मध्येच रंगात आले की मराठीत घसरायचे, आणि तो तसाच मान हलवत राहायचा. मान बरोबर जागेवर हलायची. इतकी बरोबर की मी भाजी चिरता चिरता थांबून पाहायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी खालून ओजसला ओरडले, "जिन्यातला दिवा बंद कर रे!" ओजस कानांत गाण्याचे ते बोळे घालून पडला होता. दिवा बंद झाला. वर गेले तर बटणाजवळ विष्णू उभा होता. माझ्याकडे पाहून त्याने हात मागे घेतला.

मी घाबरले, खरंच घाबरले. पण घाबरले असं कबूल केलं असतं तर काय झालं असतं? तिकिटं रद्द, हॉटेल रद्द, रेवाचं तोंड महिनाभर फुगलेलं, आणि श्रीकांतने वर्षभर ऐकवलं असतं की ही ऐन वेळी मोडता घालतेच. म्हणून मी ठरवलं, पारख करायची. विष्णू मोरीजवळ उकिडवा बसून भय्यासाहेबांची पिकदाणी धूत होता. मी मागून गेले आणि अगदी साध्या आवाजात म्हटलं, "विष्णू, तुझ्या पायाशी विंचू आहे."

त्याचा हात थांबला नाही की पाय हलला नाही. पिकदाणी घासण्याचा आवाजसुद्धा त्याच लयीत चालू राहिला.

मला इतकं हलकं वाटलं की मी देवापुढे साखर ठेवली. विंचू म्हटल्यावर न उठणारा माणूस या पृथ्वीवर नाही, म्हणजे याला मराठीचं अक्षर समजत नाही. दिवा बंद झाला तो योगायोग आणि कपही योगायोगच. माझा हट्ट शाबूत राहिला. त्या संध्याकाळी मी गुणगुणत बॅगा भरल्या आणि रेवाच्या बॅगेतून तिची मोठी उशी दोनदा बाहेर काढली.

निघायच्या दिवशी विष्णूने बॅगा उचलून ऑटोत ठेवल्या. भय्यासाहेबांच्या पाया पडले तर ते म्हणाले, "माझी फिकीर नको करू. पोरीला चांगलंचुंगलं खाऊ घाल, वाळून राहिली." खिडकीतून त्यांनी हात वर केला तो ऑटो वळेपर्यंत तसाच होता. फाटक विष्णूने लावलं. कडी लावल्यावर त्याने ती एकदा ओढून पाहिली.

गाडीत मजा होती, खोटं कशाला सांगू. सकाळ कोणाची आणि संध्याकाळ कोणाची यावरून पुन्हा भांडण झालं, पण गोडीचं. ओजसने वरच्या बर्थवरून मेट्रोची माहिती द्यायला सुरुवात केली. रेवाने मला तिच्या फोनवर कॅफे दाखवले आणि दाखवता दाखवता डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. कित्येक वर्षांत ती अशी टेकली नव्हती. मी हललेही नाही, न जाणो उठून बसली तर. याच्याचसाठी तर केला होता अट्टहास. सतना मागे पडलं, बाहेर ऊन उतरायला लागलं.

तेवढ्यात ओजस वरून म्हणाला, "मम्मी, विष्णु भैया के गाँव में संतरे के बगीचे हैं. बोल रहे थे, कभी आना."

"कुठलं रे गाव?" मी सहज विचारलं.

"पांढुर्णा."

छिंदवाड्याच्या पुढे सौंसर, सौंसरच्या पुढे पांढुर्णा. माझी सख्खी मावशी सौंसरला दिलेली. लहानपणी मी तिथे उन्हाळाभर राहायची. तिथे दूधवाला मराठी बोलतो, पोस्टमन मराठी बोलतो, बाजारात गाईला हाकलतात तेही मराठीत. हे सगळं मला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. रविवारी सकाळी तो 'छिंदवाड़े से आगे' म्हणाला तेव्हाही माहीत होतं.

मी रेवाचं डोकं बाजूला केलं आणि भय्यासाहेबांच्या मोबाइलवर फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उचलला गेला.

"हाँ जी."

"बाबांना फोन दे," मी मराठीत म्हटलं. मुद्दामच.

पलीकडे आमच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू आली.

"बाबूजी झोपले, बाई." स्वच्छ मराठी. मावशीच्या गावची, हेल काढून बोललेली. "आज गोळी जरा लवकर दिली. आता ढोल वाजवले तरी उठत नाहीत."

माझंच वाक्य. शब्दन् शब्द माझाच.

"विष्णू," मी म्हटलं, "हे पहा, आम्ही ते असंच, थट्टेत..."

"काळजी नका करू. तांदळाचा डबा घासून पुसून ठेवला, तळाशी लय दिवसांचं साचलं होतं." त्याचा आवाज चढला नाही. भाजी कोणती करू विचारावं तसा बोलत होता. "अन् थंडीत विंचू निघत नसतो, बाई."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागलाच नाही.

मी श्रीकांतला सगळं सांगितलं. त्याने एका शब्दाने मला दोष दिला नाही. एरवी संधी सोडत नाही तो माणूस. त्याने आधी पोलिसांना फोन केला. त्यांनी पत्ता दोनदा विचारला आणि पाठवतो म्हणाले. मग त्याने देवीदासभाऊंना लावला. देवीदासभाऊ त्याच्या ऑफिसातले, अधारतालला राहतात, आमच्या घराच्या सगळ्यात जवळचे तेच. ते अंगावरच्या कपड्यांनिशी स्कूटरवर निघाले. आम्ही बॅगा दाराशी आणून ठेवल्या. पुढचं स्टेशन काही येत नव्हतं. दोन्ही बाजूंना नुसती शेतं, आणि त्यांच्यावर हळूहळू अंधार साचत होता.

पोरांना काहीच सांगितलं नव्हतं, पण त्यांना सगळं समजलं होतं. त्यांना नेहमीच सगळं समजतं. ओजस खाली उतरून माझ्या पदराचं टोक धरून बसला. मनात म्हटलं, भय्यासाहेब, पाटल्या जाऊ द्या, घर जाऊ द्या, अख्खं घर धुऊन नेऊ द्या. तुम्ही तेवढे खुर्चीत असा, खोकत असा, मला चार शिव्या घाला.

फोन वाजला. श्रीकांतने फोनचा आवाज मोठा करून तो हातात धरला.

"श्रीकांत, मी पोचलो," देवीदासभाऊंना धाप लागली होती. "बाहेरून कुलूप आहे. तो माणूस नाही दिसून राहिला. चपला बी नाहीत."

"अन् बाबा?"

"खिडकीतून दिसून राहिले. खुर्चीतच आहेत. गळ्यापर्यंत शाल आहे, मान कलली आहे. दिवा चालू आहे."

"हाक मारा! जोरात मारा!"

"मारून राहिलो ना बाप्पा. दार बडवून राहिलो, खिडकी बडवून राहिलो. उठूनच नाही राहिले."

"तोडा," श्रीकांत म्हणाला. "दार तोडून टाका."

रेवा माझ्यासमोर उभी होती. जन्मभर जिने मला हिंदीत उत्तर दिलं, ती माझी पोर पहिल्यांदा आपणहून मराठीत बोलली. एकेक शब्द जपून, परक्या घरातल्या वस्तू उचलाव्यात तसा उचलत.

"आई, आजोबा झोपलेच आहेत ना?"

मला मराठीत उत्तर देता येईना. ती भाषा त्या क्षणी माझी राहिली नव्हती.

"हाँ बेटा," मी म्हटलं. "सोए हैं."

श्रीकांतच्या हातातला फोन चालूच होता. त्यातून दार बडवल्याचा आवाज येत होता.